चढण लागली की हिंदूराव

दिल्लीतल्या ओळखीच्या मराठी घरांत त्यांना सगळे ‘कॉम्प्युटरकाका’ म्हणतात. खरं नाव पेन्शनच्या कागदांवर आणि विजेच्या बिलावर तेवढं उरलं आहे. कागल तालुक्यातल्या एका खेड्यातून १९८४ साली केंद्र सरकारच्या नोकरीसाठी ते दिल्लीत आले, पश्चिम विहारमध्ये स्थिरावले आणि निवृत्तीनंतरही इथंच राहिले. भाषणं, राजकारण, क्रिकेट यांत त्यांना फारसा रस नाही. पण नवं यंत्र बाजारात आलं, की त्याचा नारळ काकांच्या घरी फुटणार हे ठरलेलं!

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याचे दर ऐकून काकूंनी कपाळाला हात लावला होता. तरी दोन वर्षांनी जोडणी घरात आलीच. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमचं किंचाळणं सुरू झालं, की काकू म्हणायच्या, “लागली बघा यांची सनई!” त्या काळी ‘अल्टाव्हिस्टा’ नावाचं शोधयंत्र होतं. काका त्यात रोमन लिपीत ‘कोल्हापूर’ असं टाइप करत आणि पान उघडेपर्यंत चहा पिऊन घेत. १९९८मध्ये ‘गूगल’ आलं आणि चहा थंड व्हायच्या आत उत्तर मिळू लागलं.

नकाशांचं वेड त्याहून जुनं. १९९०च्या दशकात त्यांच्या स्कूटरच्या डिकीत आयशर कंपनीचं दिल्लीच्या नकाशांचं पुस्तक असायचं. कुणाकडे बारशाला जायचं असलं, तरी आदल्या रात्री पान काढून, पेन्सिलीनं रस्ता आखून ठेवायचे. २००५ साली गूगलचे नकाशे आले आणि त्याच वर्षी उपग्रहातून टिपलेली पृथ्वीची चित्रंही घरबसल्या दिसू लागली. काकांनी सगळ्यात आधी शोधलं ते आपल्या गावातलं कौलारू घर. घर काही दिसलं नाही, हिरव्या-करड्या ठिपक्यांत गावाबाहेरचा ओढा तेवढा ओळखू आला. तरी त्यांनी गावी फोन करून आईला सांगितलं, “आई, आपला ओढा दिसतोय गं मला दिल्लीतनं!” आई म्हणाली, “पानी हाय का बघ त्यात!”

मोबाइलमध्ये नकाशा आला आणि काकांनी रस्त्यावर कुणाला पत्ता विचारणंच सोडलं. दिल्लीत पत्ता विचारण्याचा अनुभव ज्यांनी घेतलाय, त्यांना हे पटेल. चार माणसं चार दिशांना हात करतात आणि चौघंही “बस, सामने ही है” असंच म्हणतात. काकांचं म्हणणं सरळ होतं. माणूस अंदाजानं बोलतो, यंत्र मोजून बोलतं. मग यंत्रालाच का विचारू नये?

या प्रश्नाचं उत्तर त्यांना २०२३च्या गणेशोत्सवात, एका मध्यरात्री मिळालं.

ती रात्र

काकांच्या धाकट्या भावाचं घर उत्तर दिल्लीत, शक्तिनगरला. गणपती त्याच्याकडे. त्या वर्षी गावाहून आईही आली होती. वय एक्क्याऐंशी. रक्तदाब, गुडघेदुखी असं वयाचं सगळं होतं, पण आरतीला टाळ वाजवायला ती सगळ्यांत पुढे. तिसऱ्या दिवशी रात्री साडेबाराच्या सुमाराला तिला एकाएकी धाप लागली. उशाला उशी दिली, खिडकी उघडली, तरी श्वास पुरेना. आडवं झालं की जास्तच त्रास. ओठ काळसर दिसायला लागले, तेव्हा सगळ्यांचं धाबं दणाणलं. भाऊ कामानिमित्त परगावी गेलेला. गाडी चालवायला काका आणि मागे आजीला धरून बसायला कॉलेजात शिकणारी पुतणी.

धावपळ ऐकून समोरच्या घरातल्या पंजाबी आजी बाहेर आल्या. गल्लीत त्यांना सगळे ‘बीजी’ म्हणतात. साठ वर्षं त्याच घरात राहिलेल्या. त्यांनी एका क्षणात सांगितलं, “हिंदूराव ले जाओ। घंटाघर से मल्कागंज, आगे चढ़ाई आएगी। चढ़ाई आ गई तो समझो हिंदूराव आ गया।”

“बीजी, फोन में सब है,” काका म्हणाले आणि गाडीत बसले.

थरथरत्या बोटानं त्यांनी रोमन लिपीत ‘हिंदूराव’ एवढंच टाइप केलं. नावांची यादी पुढे आली. पहिल्या नावावर बोट ठेवलं. रस्ता आखला गेला, बाईचा गोड आवाज सुरू झाला आणि गाडी निघाली.

रोशनआरा रोड, मग पुलबंगशची बाजू. रस्ता कसा सपाट! पुतणीनं मागून एकदा विचारलंही, “काका, बीजी चढण म्हणाल्या होत्या ना?” काका म्हणाले, “हा जवळचा रस्ता असेल.” पुढे आझाद मार्केटच्या अंगाला ट्रकांमध्ये माल चढत होता. हातगाड्या, गठ्ठे, हमालांच्या आरोळ्या. त्यातून वाट काढत गाडी एका अरुंद गल्लीत शिरली आणि फोननं जाहीर केलं की मुक्काम आला आहे.

समोर बंद दुकानांची शटरं. रुग्णालय नाही, पाटी नाही, दिवासुद्धा नाही. मागच्या सीटवर आईच्या श्वासाचा घरघर आवाज. काकांना घाम फुटला. त्यांनी पुन्हा फोन चाचपला, गाडी मागे घेतली, दुसऱ्या गल्लीत घातली, तीही पुढे बंद. शेवटी जे त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं, तेच केलं. काच खाली करून कोपऱ्यावरच्या चहावाल्याला हाक मारली.

“अस्पताल?” चहावाल्यानं मागच्या सीटकडे नजर टाकली. “साहब, ये तो बाड़ा है। अस्पताल ऊपर है, रिज पर।” आणि रस्ता समजावत बसण्याऐवजी त्यानं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि आपल्या पोराला मोटारसायकलवर गाडीच्या पुढे धाडलं.

त्या लाल दिव्यामागून जाताना काही मिनिटांनी गाडीनं गिअर बदलायला लावला. चढण आली होती. दोन्ही बाजूंना झाडी आणि वर रुग्णालयाचे दिवे. पोरगा दारापर्यंत आला, स्ट्रेचरला हात लावला आणि काकांनी खिशात हात घालायच्या आत निघूनही गेला.

आईच्या फुप्फुसात पाणी साठलं होतं. ऑक्सिजन लागला, इंजेक्शनं झाली. पहाटे चारला श्वास जरा ताळ्यावर आला. तरुण डॉक्टर काकांना एवढंच म्हणाले, “वेळेत आणलंत. आणखी उशीर चालला नसता.” डॉक्टरांना ते सहज बोलल्यासारखं वाटलं असेल. काकांना मात्र बाकावर बसवेना. वीस मिनिटं! सरळ रस्त्यानं आलो असतो तर ती वीस मिनिटं आईची होती.

यंत्र चुकलं की माणूस?

सकाळी भाऊ आला. सगळं ऐकून तो वैतागून म्हणाला, “टाकून दे दादा तो फोन!” पण काकांचा पिंड इंजिनियरचा. रागवण्याआधी त्यांनी काय घडलं ते तपासलं.

दिल्लीच्या नकाशावर हिंदूराव एक नाही. एक आहे ते रुग्णालय, उत्तरेकडच्या टेकडीवर, मल्कागंजच्या माथ्याला. या टेकडीलाच दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात. दुसरी आहे खालची, सदर बाजाराच्या बाजूची दाट वस्ती, ‘बाडा हिंदूराव’. आपण वाडा म्हणतो, तसा हिंदीतला बाडा, म्हणजे आवार. दोन्ही नावं एकाच माणसावरून पडलेली आणि दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून फार लांब नाहीत. पण धाप लागलेल्या माणसाला घेऊन निघालं, की ते अंतर फार मोठं असतं.

रोमन लिपीत ‘बाडा’ आणि ‘बारा’ सारखेच लिहिले जातात. मराठी माणसानं ते इंग्रजी पाटीवर वाचलं तर त्याला वाटेल, हे बारा हिंदूराव कोण? २०२१च्या जानेवारीत गूगलनं आपल्या नकाशांवरची ठिकाणांची नावं मराठीसह दहा भारतीय भाषांत आपोआप लिप्यंतरित करण्याची सोय वाढवल्याचं जाहीर केलं होतं. काकांना तेव्हा केवढा आनंद झाला होता! पण लिपी बदलली म्हणजे अर्थ कळला असं होत नाही. यंत्राला ते नाव म्हणजे अक्षरांची एक रांग असते. वाडा, बाडा आणि बारा यांतला फरक अक्षरांच्या रांगेत मावत नाही.

मग त्या रात्री यंत्र नेमकं कुठे चुकलं? काकांचा प्रामाणिक हिशेब असा, की ते फारसं चुकलंच नाही. मोबाइल आपली जागा ठरवतो ती उपग्रहांच्या संदेशांवरून. निदान चार उपग्रहांकडून आलेल्या संदेशांना किती वेळ लागला हे मोजून तो आपलं ठिकाण काढतो. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेत सामान्य माणसांसाठी मुद्दाम ठेवलेली अचूकतेची खोट मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि तेव्हापासून हे मोजमाप काही मीटरांवर आलं. रस्त्यावरच्या हजारो फोनांचा वेग पाहून कुठे गर्दी आहे हेही यंत्र सांगतं. म्हणजे गाडी कुठे आहे, रस्ता कुठे मोकळा आहे, सगळं त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मागच्या सीटवर कोण आहे आणि कशासाठी निघालोय. ते काकांनी सांगायचं होतं. ‘हिंदूराव’पुढे ‘रुग्णालय’ हा शब्द लिहायचा राहिला आणि यादीतल्या नावाखालची बारीक ओळ वाचायची राहिली.

“आपण कुठे आहोत हे ते सांगतं,” काका नंतर भावाला म्हणाले. “कुठे जायचंय हे आपल्यालाच नीट सांगावं लागतं.”

“ह्यो हिंदूराव कोन रं?”

आई पाच दिवस रुग्णालयात होती. तिसऱ्या दिवशी तिला जरा तरतरी आली. खाटेवर टेकून बसली आणि तिनं काकांना विचारलं, “आरं, ह्यो हिंदूराव कोन रं? नाव तर आपल्याकडचं वाटतंय.”

काका चमकले. चाळीस वर्षं दिल्लीत काढली. बसच्या पाटीवर, वर्तमानपत्रात, लोकांच्या तोंडी हे नाव शेकडो वेळा आलं. पण हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता! त्यांनी लगेच फोन काढला. साधा शोध घेतला तर बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा आणि फोन नंबर आले. मग त्यांनी प्रश्न विचारला की परिच्छेदच्या परिच्छेद लिहून देणारं नवं साधन उघडलं. २०२२च्या अखेरीपासून अशी साधनं हाताशी आली आहेत. त्यानं ऐटीत उत्तर दिलं. हिंदूराव हे एक मराठा सरदार, त्यांनी टेकडीवर हा बंगला बांधला आणि ते ग्वाल्हेरच्या बायजाबाईंचे वडील होते.

काकांनी ते मोठ्यानं वाचलं मात्र, आई ताठ झाली. “बायजाबाई? आरं, ती तर कागलची लेक! घाटग्यांची! आन् तिचा बाप सर्जेराव. हिंदूराव न्हवं काय.”

आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण तिच्या वडिलांच्या तोंडून कागलच्या घाटग्यांच्या गोष्टी तिनं लहानपणी ऐकलेल्या. आता काकांच्या हाती ‘कागल’ आणि ‘घाटगे’ हे दोन शब्द आले आणि शोधाची सगळी वाटच बदलली. जुनी पुस्तकं, इंग्रजी अंमलातल्या नोंदी, दिल्लीच्या वास्तूंची वर्णनं एकामागून एक उघडत गेली. त्यांनी ती एकमेकांशी ताडून पाहिली आणि आईच बरोबर निघाली.

हिंदूराव घाटगे हे कागलच्या सर्जेराव घाटग्यांचे पुत्र आणि बायजाबाईंचे भाऊ. बायजाबाईंचं लग्न १७९८ साली दौलतराव शिंद्यांशी झालं. १८२७मध्ये दौलतराव वारले, तेव्हा ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंनी हाती घेतला. १८३३ साली त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं. त्याच उलथापालथीत हिंदूराव दिल्लीला आले. टेकडीवरचा बंगला त्यांनी बांधलेला नव्हता. तो त्याआधीचाच, इंग्रज अधिकाऱ्यांच्या राहण्याचा. तिथं विल्यम फ्रेझर राहत असे. मार्च १८३५मध्ये त्याचा खून झाला, त्यानंतर तो बंगला हिंदूरावांनी घेतला. १८५५ साली ते वारले. दोनच वर्षांनी १८५७चा उठाव झाला आणि त्यांचा बंगला इंग्रजी फौजेचा टेकडीवरचा मुख्य मोर्चा झाला. गुरखा पलटण तिथं ठाण मांडून होती आणि तोफगोळ्यांनी घराची चाळण झाली. पुढे त्याच जागी रुग्णालय उभं राहिलं. बंगला गेला, मालक गेले, उठाव शमला, राज्यं बदलली. नाव राहिलं.

काका वाचत होते आणि शेजारच्या खाटांवरच्या बायकाही ऐकत होत्या. आई शांतपणे म्हणाली, “म्हंजे आपल्या गावच्या मान्साच्या घरीच जीव वाचला म्हनायचा माझा!” कागलच्या घाटग्यांच्या घरातूनच राजर्षी शाहू महाराज १८८४ साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले, हे काकांना शाळेपासून पाठ होतं. त्याच कागलचं नाव दिल्लीच्या टेकडीवर दोनशे वर्षांच्या आसपास नांदतंय, हे मात्र आईनं विचारलं म्हणून कळलं.

टेकडीवरचं भोक

आईला घरी सोडायच्या दिवशी कागदपत्रांना वेळ होता. पुतणीला घेऊन काका आवारात फिरायला निघाले. रुग्णालयाजवळच रस्त्याकडेला सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकानं तो मेरठहून आणून या टेकडीवर आपल्या शिकारीच्या महालात उभारला. अठराव्या शतकात स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. १८६७मध्ये तो जोडून पुन्हा उभा करण्यात आला. सांधे आजही दिसतात.

रुग्णालयाच्या आवारातच आणखी एक जुनी, दणकट, दुमजली वास्तू आहे. तिला ‘पीर गायब’ म्हणतात. ही फिरोजशहाच्या त्याच महालाचा भाग समजली जाते. तिच्या छतातून आरपार गेलेलं एक गोल भोक आहे. त्यातून आकाशातले तारे पाहत असावेत, असा जाणकारांचा तर्क. पण काका थबकले ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. एकोणिसाव्या शतकात भारताची जी महान त्रिकोणमितीय मोजणी झाली, तिचं एक ठाणं याच छतावर होतं!

काकांनी पुतणीला तिथंच मोजणीचा धडा दिला. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टननं जमिनीवर एक सरळ रेघ साखळीनं मोजली. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले, की बाकीच्या बाजू गणितानं काढता येतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी एक, असे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत ही माणसं उत्तरेला सरकत गेली. कोन मोजायचं त्यांचं यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्धा टन वजनाचं. ते उचलायला माणसं लागत, ताप आणि वाघ यांना तोंड द्यावं लागे. एका ठाण्यावरून दुसरं दिसायला हवं म्हणून उंच जागा लागे. टेकडी, बुरूज, देवळाचं शिखर. डोंगर नसेल तिथं मुद्दाम मनोरे बांधावे लागत.

“म्हणजे त्यांनाही चढणच हवी होती,” पुतणी म्हणाली.

काका काही बोलले नाहीत. ज्या टेकडीवरून देशाचा नकाशा मोजला गेला, तीच टेकडी त्या रात्री हातातल्या नकाशात त्यांना सापडली नव्हती. आणि बीजींना मात्र ती साठ वर्षं पाठ होती. नकाशा कधीही न पाहता!

काकांनी काय केलं?

काकांनी फोन टाकून दिला नाही. उलट, आता ते जास्त आस्थेनं नकाशे पाहतात. नकाशे फार काळ सरकारच्या आणि लष्कराच्या कुलपात होते, हे त्यांना ठाऊक आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा. सामान्य माणसाला आपल्या गावाचा नीट नकाशा पाहायला मिळणंसुद्धा कठीण होतं. २००८मध्ये गूगलनं लोकांना स्वतः नकाशात रस्ते-ठिकाणं भरू दिली. २००९मध्ये इस्रोचं ‘भुवन’ आलं. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्र सरकारनं नकाशे बनवण्यावरची बरीच बंधनं सैल केली आणि जुलै २०२२मध्ये पुणे, नाशिक, तेव्हाचं अहमदनगर, मुंबई, दिल्ली अशा दहा शहरांचे रस्ते डोळ्यांसमोर चालत गेल्यासारखे दिसू लागले. मे २०२५मध्ये टपाल खात्यानं ‘डिजिपिन’ काढला. देशातल्या साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची स्वतःची खूण! काकांनी दुसऱ्याच दिवशी घराचा डिजिपिन काढून फ्रिजवर चिकटवला. यात बाडा आणि बारा असा घोटाळा होण्याची सोयच नाही, याचं त्यांना मोठं समाधान.

काकू मात्र म्हणाल्या, “धाप लागलेल्या माणसानं फोनवर ही दहा अक्षरं सांगायची का?” काकांनी हसून कबूल केलं, की तेही खरंच.

‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा एक नकाशा आहे. स्टीव्ह कोस्ट या ब्रिटिश तरुणानं तो २००४ साली सुरू केला. त्यात कुणीही भर घालू शकतो. काका आता रात्री जेवण झालं की त्यात रस्त्यांची आणि ठिकाणांची नावं मराठीत भरत बसतात. दिल्लीच्या दोन्ही हिंदूरावांची नावं त्यांनी नीट तपासली. कागलकडच्या वाड्या-वस्त्या घातल्या. नावाचा उच्चार खात्रीचा नसेल, तर गावी फोन लावून आईला विचारतात. पूर्वी आईला ओढा दाखवणारे काका आता आईकडून ओढ्याचं नाव विचारून घेतात!

मराठी मंडळींच्या गप्पांत कुणी नव्या साधनांचा विषय काढला, की काका चार गोष्टी आवर्जून सांगतात. पहिली, घराजवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाची जागा फोनमध्ये आजच खूण करून ठेवा. गरज पडेल तेव्हा नाही. दुसरी, एकदा उजेडी आणि एकदा रात्री तिथपर्यंत गाडीनं जाऊन या. तिसरी, यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवण्याआधी खालची ओळ वाचा, वस्ती कुठली ते पाहा. आणि प्रसंग गंभीर असेल तर आधी ११२ फिरवा, महाराष्ट्रात असाल तर रुग्णवाहिकेसाठी १०८. चौथी गोष्ट सांगताना ते जरा थांबतात. यंत्रानं ऐटीत सांगितलेली माहिती घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. त्यांना सगळं येत नसेल, पण कुठे चुकतंय ते अनेकदा त्यांनाच कळतं. आणि पुढे काय शोधायचं तो शब्दही त्यांच्याचकडे असतो.

तरुण मुलं कधी विचारतात, “काका, मग विश्वास कशावर ठेवायचा? फोनवर की माणसावर?”

काकांचं उत्तर ठरलेलं आहे. दोघांनाही विचारायचं. फोनला विचारायला लाज वाटत नाही, तशी माणसाला विचारायलाही वाटू नये. त्या रात्री मला पोहोचवलं ते मोटारसायकलवरच्या पोरानं. त्याचं नावसुद्धा विचारायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन मी त्या चहाच्या टपरीवर गेलो, तेव्हा मात्र फोनचा नकाशा लावूनच गेलो. नाही तर ती गल्ली मला पुन्हा सापडली नसती!

आई आता गावी आहे. औषधं वेळेवर घेते आणि आल्यागेल्याला दिल्लीतल्या घाटग्यांच्या टेकडीची गोष्ट रंगवून सांगते. परवाच ओळखीतल्या कुणाला हिंदूराव रुग्णालयात एका नातेवाइकाला भेटायला जायचं होतं. त्यांनी काकांना फोन केला. काकांनी नकाशावरची खूण लगेच पाठवली. मग थोडं थांबून पुन्हा फोन लावला आणि सांगितलं, “खूण पाठवलीय. पण लक्षात ठेवा, चढण लागली की हिंदूराव आलं. चढण नाही लागली, तर गाडी थांबवा आणि कुणालातरी विचारा.”